तुरीचे शेंडे खुडायचं मशीन: एका हंगामानंतरचा हिशेब

आधी किंमत, कारण फोन करणारे सगळे तेवढंच विचारतात. बॅटरीशिवाय १,९०० रुपये, बॅटरी-चार्जरसकट ३,२००. मी बिनबॅटरीचं घेतलं. फवारणीच्या पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअरची बॅटरी घरात होतीच, आणि दुकानदार म्हणाला, "वैनी, नुसती पिन जोडायची, बाकी काहीच नाही." त्या ‘बाकी काहीच नाही’वर पुढे येते.

दुकान लातुरातलं. नाव लिहीत नाही. मशीनवरच्या स्टिकरवर एक कंपनी, खोक्यावर दुसरी आणि बिलावर तिसरीच. लिहायचं म्हटलं तरी कुणाचं लिहू? असली मशीनं आता तालुक्याच्या कुठल्याही गावात मिळतात आणि थोड्याफार फरकाने सगळी सारखीच असतात. साडेचार फुटांचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, त्याच्या टोकाला मुठीएवढी मोटर, मोटरीवर चहाच्या बशीएवढं गोल पातं, पात्याच्या मागच्या बाजूला अर्धगोल पत्रा. दुसऱ्या टोकाला मूठ आणि चालू-बंदचं बटण. बटणापासून निघालेली वायर पाठीवरच्या बॅटरीला. बॅटरी पाठीवर कशात अडकवायची ते मात्र मशीनवाल्यांनी आपल्यावर सोडलंय. आम्ही धाकट्याचं जुनं दप्तर वापरलं. आमचे हे पाठीवर छोटा भीमचं दप्तर लावून तुरीत हिंडत होते, त्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

आता रान. औसा तालुक्यात आमची चार एकर काळी जमीन आहे. वरच्या अंगाला मुरमाड पट्टी, खाली ओढ्याकडे भारी. २०२४ च्या खरिपात अडीच एकरांत निव्वळ तूर होती, उरलेल्या दीड एकरात सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन. वाण बीडीएन-७११. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा, पांढऱ्या दाण्याचा, साधारण १५०-१५५ दिवसांत येणारा, मर आणि वांझ रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारा. टोकण २२ जूनला, पाच फूट बाय एक फुटावर. पाच बाय एक म्हणजे एकरी ८,७१२ झाडं. अडीच एकरांत एकवीस हजार सातशे ऐंशी. तेवढे शेंडे.

मशीन घ्यायचं खूळ ह्या आकड्यामुळेच डोक्यात शिरलं. एरवी आमच्याकडे शेंडे खुडायला सुमनकाकू आणि त्यांच्यासोबतच्या दोघी येतात. रोज ३०० रुपये, तिघींना एक एकर एका दिवसात. काकूंचं खुडणं एकदा जवळून बघावं. झाडाकडे त्या धड बघतही नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट शेंड्यावर जातं, ‘टच्’ असा बारीक आवाज होतो, आणि शेंडा पदराच्या ओटीत. ओटी भरली की धुऱ्यावरच्या पोत्यात. संध्याकाळी पोतं डोक्यावर आणि बोटं काळी. पोत्यातला पाला काकूंच्या चार शेळ्यांचा. रोजाव्यतिरिक्तची ही कमाई कधी कुणी बोलून ठरवलेली नव्हती, पण ठरलेली होती.

मी विचारलं होतं त्यांना एकदा, "काकू, किती खुडायचं हे कसं कळतं?" तर म्हणाल्या, "कळायला काय? मोडतंय तिथं मोडायचं." मला तेव्हा ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं. मशीन वापरल्यावर त्यातली अक्कल ध्यानात आली.

ज्यांना शेंडा का खुडतात हेच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझं बीएस्सीला वनस्पतिशास्त्र होतं, त्यामुळे विषय निघाला की मला राहवत नाही. घाई असेल त्यांनी हे सोडून पुढे जावं.

तुरीचं रोप उगवलं की महिनाभर त्याला एकच ध्यास, वर जायचं. मधे एक सरळ खोड, खोडाभोवती वळसा घेत चढत गेलेली पानं, एकेक पान तीन पानोळ्यांचं. पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यात बघा, मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसेल. तो डोळा. त्या डोळ्यात अख्खी फांदी घडी घालून ठेवलेली असते. पण शेंडा जिवंत आहे तोवर वरचे बरेचसे डोळे झोपून राहतात, आणि खालच्यातले काही उठले तरी रमतगमत वाढतात. शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खोडातून खाली वाहत राहतं, आणि ते येत असेतो डोळ्यांना फुटायची परवानगी नसते. थिमन आणि स्कूग या दोघांनी १९३३ मध्ये हे दाखवलं. त्यांनीही शेंगवर्गातलंच झाड घेतलं होतं. शेंडा कापला, कापल्या जागी ऑक्सिन लावलं, तर डोळे झोपूनच राहिले. जणू शेंडा जागेवरच आहे. आमच्या कॉलेजात हे एवढंच शिकवलं होतं. पुढे २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. शेंडा म्हणजे घरातलं खादाड पोर. पानात तयार झालेली साखर तो वर ओढून घेतो आणि डोळे उपाशी राहतात. शेंडा खुडला की काही तासांतच ती साखर डोळ्यांपर्यंत पोचते आणि ते जागे होतात. ऑक्सिनचा धाक आहेच, पण झोपमोड आधी साखरेने होते.

गावात हे ऑक्सिनचं नाव न घेताही सगळ्यांना ठाऊक आहे. हरभऱ्याची भाजी आपण खुडतो ती हौसेने खातोच, पण खुडलेला हरभरा पसरतो हे आजीलाही माहीत होतं. ज्वारीला खोडमाशी लागली की पोंगा वाळतो आणि मग बुडातून फुटवे निघतात, तेही हेच. मधला गेला की बाजूचे उठतात. (नारळावर मात्र असला प्रयोग करू नका. त्याला एकच कोंब. तो गेला की झाड गेलं.)

आणि तुरीला फांद्याच हव्यात, कारण तिची फुलं फांद्यांवर लागतात. उंच, सडसडीत तूर बघायला छान, पण पिशवीत कमी. म्हणून साधारण ४५-५० दिवसांनी शेंड्याचे दोन इंच खुडायचे, आणि अंतर मोठं असेल तर पुढे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एकदा. कळ्या धरायला लागल्यावर हात लावायचा नाही. दिवस लहान होऊ लागले की तूर फुलावर येते. ती वेळ चुकवून कापलं तर आपणच आपल्या शेंगा कापल्यासारखं.

तर पहिली खुडणी ७ ऑगस्टला, तूर ४६ दिवसांची असताना. मशीन ह्यांनी चालवलं. माझा अंदाज होता की दिवसात अडीच एकर उरकेल. वेगाच्या बाबतीत दुकानदार खोटं बोलला नव्हता. माणूस ओळीतून चालायच्या वेगाने चालतो आणि पातं ‘खर्रर्र’ करत शेंडे उडवत जातं. दुपारच्या जेवणापर्यंत सव्वा एकर झालं. मी धुऱ्यावर बसून मनातल्या मनात आठ बायकांचा रोज वाचवला, २,४०० रुपये. मशीन एका दिवसात फिटलं की.

घोडं कुठे पेंड खातं ते चार वाजता कळलं, मी स्वतः ओळीत शिरले तेव्हा.

मशीन धरणारा माणूस हात एका उंचीवर धरतो. कमरेच्या थोडं खाली, त्याला सोयीचं पडेल तिथे. तासाभराने हात अवघडतो आणि ती उंची पक्की होते. पण तूर काही एका उंचीची नसते. ओढ्याकडच्या भारी जमिनीत ती माझ्या कमरेला लागत होती, मधल्या रानात मांडीला, वरच्या मुरमाडात जेमतेम गुडघ्याला. परिणाम असा की मधली झाडं झकास खुडली गेली. मुरमाडातल्या झाडांवरून पातं नुसतं वारा घालत गेलं, निम्म्यांना शिवलंच नाही. आणि ओढ्याकडच्या झाडांची मुंडकी उडाली. दोन इंच नव्हे, वीत-दीड वीत. काही ठिकाणी हिरव्या कोवळ्या भागाच्या खाली, खोड लाकडाळायला लागलं होतं तिथे पातं बसलं होतं. तिथला काप सरळ नव्हता. साल फाटून लोंबत होती.

तिथे काकूंचं ‘मोडतंय तिथं मोडायचं’ आठवलं. हाताने खुडताना जून भाग मोडतच नाही, त्यामुळे जास्त खुडणं हाताला जमतच नाही. प्रत्येक झाडाचा शेंडा हात जिथल्या तिथे शोधतो. पात्याला कोवळं काय नि जून काय, सगळं सारखंच.

खोल कापलेल्या झाडांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण ‘जास्त कापलं तर जास्त फुटेल’ असं सांगणारे भेटतात. तसं होत नाही. कापाच्या लगेच खालचे तीन-चार डोळे सगळी ताकद घेऊन एकदम फुटतात. वरचे कोवळे बेचके, जिथून आणखी फांद्या निघायच्या, ते तर आपण कापून खाली टाकलेले असतात. पाला गेल्याने साखरही कमी. मग झाड खराट्यासारखं दिसतं. खाली सोट आणि वर एकाच जागेवरून निघालेल्या चार फांद्या. नुसत्या शेंड्याच्या खुडीत तसं होत नाही. खालच्या ज्या फांद्या आधीच हळूहळू निघत होत्या त्यांनाही जोर येतो, आणि फांद्या खोडावर वरपासून खालपर्यंत वाटून लागतात.

खराट्याची परीक्षा लवकरच झाली. १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात जो पाऊस झाला तो कुणी विसरलं नसेल. आमच्या खालच्या पट्टीत पाणी साचलं, सोबत वारा. पाणी ओसरल्यावर बघितलं तर खराट्यांपैकी कित्येक झाडं बेचक्यातच चिरली होती. एका जागी चार फांद्या, सगळ्या ओल्या पाल्याने जड, आणि धरून ठेवायला बोटाएवढं खोड. शेजारची, त्याच पाण्यात उभी असलेली, नीट खुडलेली झाडं वाकली पण फाटली नाहीत. ही चूक पावसाची नाही आणि पूर्ण मशीनचीही नाही, आमची आहे. पण मशीनसोबत आलेल्या कागदावर ‘उंचीनुसार हात वर-खाली करा’ एवढी एक ओळ असती तर बरं झालं असतं. कागदावर होतं काय, तर हिरव्यागार शेतात पँट-शर्ट इन केलेला हसरा माणूस.

सोयाबीनमधल्या तुरीचं तर विचारूच नका. ४६ दिवसांचं सोयाबीन तुरीच्या जवळपास पोचलेलं असतं आणि फुलावर असतं. पहिल्याच ओळीत तुरीसोबत शेजारच्या सोयाबीनचे शेंडे फुलांसकट उडाले. दहा पावलांत मशीन बंद केलं. ते दीड एकर दुसऱ्या दिवशी काकूंनीच केलं, आणि मुरमाडातली राहिलेली झाडंही. आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा जमिनीवरचा पाला बघितला. चिखलात तुडवलेला, तुकडे झालेला, ऑगस्टच्या उन्हात कोमेजलेला. "ह्यो काय कामाचा वैनी? शेरडं बी तोंड लावायची न्हाईत," एवढंच म्हणाल्या. मी हिशेबात २,४०० रुपये वाचवले होते, त्यात ही पोती धरली नव्हती.

एवढं वाचून वाटेल की मशीन माळ्यावर गेलं असणार. नाही. कारण दुसरी खुडणी.

२५ ऑगस्टला, ६४ व्या दिवशी, तूर वेगळीच दिसत होती. पहिल्या खुडणीने एकेका खोडाच्या सहा-सात फांद्या जोरात वर आलेल्या, आणि त्या सगळ्यांची डोकी जवळपास एका पातळीत. प्रत्येक फांदीला आता स्वतःचा शेंडा, आणि तो शेंडा आपापल्या फांदीचा मुकादम. म्हणजे पुन्हा तेच; तो खुडला तर पोटफांद्या निघणार. पण आता हाताने करायचं तर झाडागणिक एक नव्हे, सात चिमट्या. एकवीस हजार सातशे ऐंशीला सातने गुणा. दीड लाखावर शेंडे. काकूंनीच हात जोडले असते.

इथे मशीनने पैसे वसूल केले. झाडावरून एक सपाटा डावीकडून उजवीकडे, आणि सातही शेंडे खाली. आम्ही रानाचे तीन पट्टे पाडले होते, भारी, मधला, मुरमाड, आणि पट्टा बदलला की थांबून उंची ठरवायचो. मी पुढे चालून दोन-तीन झाडांवर हाताने खुडून दाखवायचे, हे त्या खुणेवर पातं धरायचे. अडीच एकर, एक माणूस (आणि एक टोकणारी बायको), पाऊण दिवस. एखादा शेंडा सुटला तरी बिघडत नाही, बाकीचे सहा गेलेले असतात. पहिल्या खुडणीत एक शेंडा सुटला म्हणजे ते झाडच सुटलं. हा फरक आहे.

तेव्हा माझं मत असं झालंय की पहिली खुडणी हाताने करावी आणि दुसरी मशीनने. जाहिरातीत नेमकं उलटं दाखवतात, लहान तुरीवर मशीन फिरवताना. कारण लहान तुरीत ते चालवायला सोपं आणि व्हिडिओत छान दिसतं.

मोजमापही थोडं केलं होतं. मधल्या पट्ट्यात एक ओळ अजिबात खुडायची नाही म्हणून तिच्या दोन्ही टोकांना जुन्या परकराच्या चिंध्या बांधल्या. शेजारची ओळ दोन्ही वेळा हाताने. बाकी मशीन. नोव्हेंबरात प्रत्येकीतली दहा-दहा झाडं धरून शेंगा लागलेल्या फांद्या मोजल्या. न खुडलेल्या झाडांना सरासरी ११, हाताने खुडलेल्यांना १९, मशीनने नीट खुडलेल्यांना १७, आणि ओढ्याकडच्या खराट्यांपैकी जे उभे राहिले होते त्यांना १२. म्हणजे खोल कापलेलं झाड न खुडलेल्याच्या जवळपासच. दहा झाडांवरून विद्यापीठासारखे निष्कर्ष काढू नयेत हे मलाही कळतं. शेंगा मोजायचाही विचार होता, तिसऱ्या झाडावर धीर सुटला. उंचीत फरक डोळ्यांनाच दिसत होता. चिंधीची ओळ बाकीच्यांपेक्षा हातभर वर, आणि फवारणीला तिथे पंपाची नळी वर करून चालावं लागायचं. फवारणी सोपी होते हा खुडणीचा फायदा कुणी सांगत नाही. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी औषध मारताना बसकं झाड केव्हाही बरं.

रास झाली तेव्हा निव्वळ तुरीच्या अडीच एकरांत १८ क्विंटल भरली. आदल्या वर्षी ११ होती. पण २०२३ ला पाऊसच रुसला होता, त्यामुळे हे सात क्विंटल मशीनचे असं मी म्हणणार नाही, आणि असं म्हणणाऱ्या दुकानदाराला उभं करू नका. त्या हंगामाचा हमीभाव ७,५५० रुपये होता. एका क्विंटलच्या फरकात मशीन दोनदा-तीनदा फिटतं एवढं मात्र खरं.

आता मशीनचं मशीनपण. ‘पिन जोडायची, बाकी काहीच नाही’ म्हणाला होता ना? आमच्या पंपाची पिन गोल आणि मशीनची चपटी. वायर कापून, सोलून, चिकटपट्टी लावून जोडावी लागली. पहिल्या दिवशी तांबडी-काळी वायर उलटी जोडली गेली आणि पातं उलटं फिरलं. कापण्याऐवजी शेंडे चेंगरत होतं. मोटर जळली नाही हे नशीब. ८ अँपिअरची बॅटरी सलग अडीच-तीन तास चालते, मग पात्याचा आवाज बदलतो. आवाज बदलला की थांबायचं. मंद पातं कापत नाही, ओरबाडतं, आणि ओरबाडलेल्या जागेतून बुरशीला आयतंच दार मिळतं. दोन बॅटऱ्या असतील तर दिवस निघतो.

गार्डचे, म्हणजे पात्यामागच्या अर्धगोल पत्र्याचे, दोन स्क्रू दुसऱ्याच दिवशी ढिले झाले. एक रानातच पडला. मोटर थरथरते त्यामुळे हे होणारच. आतून स्प्रिंग वॉशर टाकलं तर टिकतं. पाच रुपयांचं वॉशर कारखान्यात का घालत नाहीत कोण जाणे. दुकानात तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "वैनी, वॉरंटी मोटरीची आहे, स्क्रूची नाही." बटणात पाणी जातं, ऑगस्टात दवाने भिजलेल्या तुरीत सकाळी लवकर चालवू नका, तसंही ओल्या कापाला हवा लागून सुकायला वेळ हवा. आम्ही बटणावर दुधाच्या पिशवीचा तुकडा रबर लावून बांधला. पाइप लांबीला कमी-जास्त होत नाही. साडेचार फूट ह्यांना बरोबर, मला लांब. मी अर्धा तास चालवलं तर उजवा खांदा दोन दिवस बोलत होता. बुटक्या माणसाला पात्याची पातळी दिसतच नाही.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नका. पात्याला पुढून काही आडोसा नाही. बायकांनी चालवायचं तर पदर खोचून, वर शर्ट घालून, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. तुकडे थेट तोंडावर येतात. लहान पोरांना ओळीत पुढे पाठवू नका. नायलॉन दोरीचं डोकं असलेलंही मिळतं, ते हाताला सुरक्षित, पण शेजाऱ्यांकडे बघितलं. शेंडा कापला जात नाही, ठेचला जातो. मी पातंच घेईन. हंगामात एकदा कानशीने धार लावली की झालं.

घ्यावं का? एक एकर तूर असेल तर घेऊ नका, तीन बायका आणि एक दिवस पुरतो. सोयाबीनमधल्या तुरीसाठी पैसे वाया. दाट पेरलेल्या तुरीलाही नको. दोन फुटांवर ओळी असतील तर फांद्या फुटून जाणार कुठे? एकमेकींच्या सावलीत बसतील नुसत्या. अंतर चार-पाच फूट, क्षेत्र दोन एकरांच्या वर, आणि दोनदा खुडायची तयारी असेल तर जरूर घ्या, पण बिनबॅटरीचंच. किंवा तिघाचौघांत मिळून एक घ्या; वर्षातले दोन दिवस लागतं, बाकी भिंतीला टेकून असतं. पाचातले साडेतीन गुण. वॉशर घातलं असतं तर चार दिले असते.

यंदाची तूर आज ३४ दिवसांची आहे. परवा सुमनकाकू धुऱ्यावरून जाता जाता थांबल्या. "मशीन काढलं का?" मी म्हटलं, "दुसऱ्या टायमाला काढणार काकू. पहिली तुमचीच. पोती घेऊन या." त्यांनी मान हलवली, खाली वाकून एका झाडाचा शेंडा दोन बोटांत धरून बघितला, पण मोडला नाही. "अजून धा-बारा दिस," म्हणाल्या आणि गेल्या.